लूप झाला, ट्रॅक होत नाही

प्रश्न: ताई, मी पलूस तालुक्यातल्या एका गावात राहतो, वय २१. काकांचा मंडप आणि डॉल्बीचा व्यवसाय आहे, त्यामुळं लहानपणापासून साऊंडच्या गाडीवरच वाढलो. दोन वर्षं लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक म्युझिक करतोय, पत्र्याच्या, उघड्या भिंतींच्या खोलीत. आजघडीला ६३ प्रोजेक्ट आहेत आणि पूर्ण एकही नाही. प्रत्येकात सोळा सेकंदांचा झकास लूप, म्हणजे परत परत वाजणारा तुकडा, होतो, पुढं काय करायचं ते कळत नाही. मोठे प्रोड्युसर सुरुवात कशानं करतात, किकनं, म्हणजे ढोलाच्या जड ठोक्यानं, की सुरावटीनं? मला राग, नोटेशन काही येत नाही. मित्र म्हणतात, चांगले स्पीकर आणि मिडी कीबोर्ड (लॅपटॉपला जोडायच्या पट्ट्या) घेतल्याशिवाय काही व्हायचं नाही. पतसंस्थेतून ४५ हजारांचं कर्ज काढायचं मनात आहे. काका म्हणतात, "ही गाणी वाजवणार कोण?" तीन लूप आणि एका प्रोजेक्टचा फोटो सोबत पाठवलाय. काय करू?

उत्तर:

मित्रा, तुझे तिन्ही लूप मी आधी हेडफोनवर ऐकले, मग फोनच्या स्पीकरवर, मग गाडीत. ज्यात हलगी आहे तो दुसरा लूप परत परत ऐकला. पुढचं वाचताना धास्ती नको म्हणून हे आधीच सांगते: तुझ्या हातात लय आहे. साऊंडच्या गाडीवर उभं राहून हजारो लोकांचे पाय कुठल्या ठोक्याला उचलतात हे बघत वाढलास, ते तुझ्या बीटमध्ये उतरलंय. हे विकत मिळत नाही.

आता अडचणीचं बोलू. लूपमध्ये काहीतरी कमी पडतंय म्हणून तो पुढं सरकत नाही, असं तुला वाटतंय. म्हणून तू आणखी एक सिंथ, म्हणजे यंत्रानं बनवलेला सूर, घालतोस, आणखी एक शेकर घालतोस, वर टाळी घालतोस. फोटोत मी मोजले, २२ ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज, आहेत आणि बावीसच्या बावीस पहिल्या ठोक्यापासून वाजतायत. पंगत बसल्या बसल्या भात, आमटी, जिलेबी, मठ्ठा सगळं एकदम पानात ओतलं तर जेवणाऱ्याला पुढं वाट कशाची बघायची? पहिल्या सेकंदाला सगळं सांगून झालं, मग सतराव्या सेकंदाला सांगायचं काय? तुझ्याकडं स्वयंपाक भरपूर आहे, वाढपी नाही. अख्खा ट्रॅक, म्हणजे पुरं गाणं, बांधणं हे वाढप्याचं काम आहे. काय केव्हा द्यायचं, काय हातात धरून ठेवायचं, आणि दिलेलं परत केव्हा उचलायचं.

हे शिकायला तुला लांब जायला नको. तुझ्या तालुक्यात कुंडलचं कुस्ती मैदान आहे. यंदा तिथं गेलास की थोडा वेळ कुस्त्यांकडं पाठ कर आणि नुसता हलगीवाल्याकडं बघत उभा राहा. त्यांच्याकडं हलगी, घुमकं म्हणजे घुमणारा ढोल, आणि कैताळ म्हणजे झांज, एवढंच असतं. तीन आवाज. तुझ्याकडं बावीस आहेत. पण त्या तीन आवाजांवर ते दुपारपासून अंधार पडेपर्यंत अख्खं मैदान धरून ठेवतात. लहान पोरांच्या जोडी सुटत असतात तेव्हा हलगी नुसती चालती असते, तिच्याकडं कुणाचं लक्षही नसतं. मोठी जोड लागली, सलामी झाली, दोघं हाताला हात लावून खडाखडी करायला लागले की घुमक्याचे ठोके सुटे-सुटे पडायला लागतात. मध्ये मोकळी जागा असते. त्या मोकळ्या जागेत लोक श्वास धरतात. एकानं पट काढला रे काढला की हलगीवरच्या काड्या दाट होतात, कैताळ चढतं, माणसं उठून उभी राहतात. डाव सुटला, पैलवान परत उभे राहिले, की वादकही मागं येतो. आणि हे सारं होत असताना हलगीवाल्याची नजर एकदाही स्वतःच्या हलगीवर नसते, ती तांबड्या मातीवर असते.

तुझी नजर बावीसही ट्रॅकवर आहे. ती ऐकणाऱ्याकडं वळव.

आता हेच लॅपटॉपवर कसं करायचं ते सांगते. हिशेब सोपा आहे. तुझा वेग १२० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, सेकंदाला दोन. चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे दोन सेकंद. आठ बारचा लूप म्हणजे १६ सेकंद, बत्तीस मात्रा, तीनतालाची दोन आवर्तनं. पाच मिनिटांचा ट्रॅक म्हणजे १५० बार. या दीडशे बारकडं बघून तुझी छाती दडपते आणि तू नवीन प्रोजेक्ट उघडतोस. दडपू नकोस. ते रिकामे दीडशे बार भरायचे नाहीतच.

तुझा भरगच्च लूप उचल आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॉपी करत जा. पाच मिनिटं सलग सगळं वाजेल, कान किटतील, किटू देत. आता खोडरबर घे. साधारण तिसऱ्या मिनिटाजवळ एक जागा ठरव, ट्रॅकचा जो काही कळस आहे तो तिथं. बावीसच्या बावीस आवाज फक्त तिथं राहतील. तिथून उलटं चालत मागं ये आणि दर आठ किंवा सोळा बारला एखाददुसरी गोष्ट काढून टाक. सुरुवातीला पोचशील तेव्हा बहुधा किक आणि हलगीचा एखादा तुकडा, एवढंच उरलेलं असेल. हाच तुझा इंट्रो. नाचाच्या संगीतात असे सोळा-बत्तीस बार नुसत्या ठेक्याचे ठेवतात त्याला कारण आहे: डीजेला आधीच्या गाण्यावर हे गाणं चढवायला तेवढी जागा लागते. दोन्हीकडं सुरावट असली की एकमेकींच्या अंगावर येतात, ठेक्यावर ठेका मात्र बसतो. हे तुला काकांच्या गाडीवर रोज दिसत असेल.

कळसाच्या आधीचे आठ बार सगळ्यात महत्त्वाचे. तिथं किक काढ. नुसती किक गेली तरी पाय अधांतरी होतात. हलगी राहू दे, घुमक्याचा एक-एक ठोका राहू दे. शेवटच्या बारात तर सगळंच थांबव, एखादा ठोका पूर्ण शांत. मग सगळं एकदम. सगळं एकदम सुटतं त्या जागेला ड्रॉप म्हणतात. तू 'ड्रॉप कमजोर वाटतो' म्हणून तो आणखी मोठा करत बसला असशील. बहुतेक वेळा त्याच्या आधीची जागा रिकामी नसते म्हणून तो कमजोर वाटतो.

माझ्या अनुभवानं सांगते, हे खोडायचं काम एका बैठकीत, दोन तासांत होतं. अट एवढीच की त्या दोन तासांत नवीन आवाज शोधायचा नाही आणि कुठल्याही आवाजाचं मिक्सिंग, म्हणजे कमी-जास्त करून जुळवणं, करायचं नाही. लूप बनवणं, मांडणी करणं, मिक्स करणं ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हीला कान वेगळ्या पद्धतीनं लावावा लागतो. तिन्ही एकदम केली की माणूस स्नेअरचा आवाज घासत बसतो आणि रात्र संपते.

किक आधी की सुरावट आधी, याचं उत्तर ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांच्याकडंच बघ. ते सगळे एकाच दारानं आत आलेले नाहीत. जपानच्या रोलँड कंपनीनं १९८० मध्ये टीआर-८०८ हे ड्रम मशीन काढलं. सोळा बटणं, एका बारचे सोळा भाग. जिथं ठोका हवा ते बटण दाबायचं. शिकागोत हाउस आणि डेट्रॉइटमध्ये टेक्नो हे नाचाच्या संगीताचे प्रकार उभे राहिले ते अशा यंत्रांवर, आणि तिथं सुरुवात ठेक्यानं होणं साहजिक होतं. त्याच कंपनीचं टीबी-३०३ हे छोटं यंत्र गिटारवाल्यांना घरी सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. बेस गिटारसारखं ते काही वाजेना, खपलं नाही, १९८४ मध्ये उत्पादन बंद पडलं. जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागल्यावर शिकागोच्या पोरांनी ते घेतलं आणि ते वाजत असताना त्याची फिल्टरची बटणं फिरवून बघितली. त्यातून जो चिवट, वळवळता आवाज निघाला त्यावर अ‍ॅसिड हाउस हा अख्खा प्रकार उभा राहिला. म्हणजे तिथं सुरुवात ना ठेक्यानं झाली ना सुरावटीनं. एका आवाजानं झाली.

आणि आपल्याकडं, मुंबईत, चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकानं १९८२ मध्येच हीच दोन यंत्रं आणि एक ज्युपिटर-८ सिंथ घेऊन राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून तबकडी काढली होती. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण आवाज थेट अ‍ॅसिड हाउससारखा आणि साल त्याच्याही आधीचं. त्यांची सुरुवात रागापासून झाली, कारण ते त्यांच्या बोटांत होतं.

तुझ्या बोटांत काय आहे ते तूच तीन लूप पाठवून सांगितलंस. पहिला आणि तिसरा लूप चांगला आहे, पण त्यातली किक, टाळी, सिंथ हे सगळं तयार पॅकमधलं आहे आणि ते मी शंभर ठिकाणी ऐकलंय. दुसऱ्यातली हलगी मात्र कुणीतरी उभं राहून वाजवलेली आहे. तू तिथून सुरुवात कर. ज्या आवाजाजवळून तुला उठवत नाही तो आधी, बाकीचे त्याच्या सोबतीला.

फक्त त्या हलगीचं तू एक नुकसान केलंयस, ते दाखवते. रेकॉर्ड केलेला प्रत्येक ठोका तू सोळा भागांच्या जाळीवर शंभर टक्के चिकटवलास. म्हणून सुरुवातीला तिला जी चाल होती ती पुढं राहिली नाही. १२० च्या वेगात बारचा एक सोळावा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. हलगीवाला दुबळे ठोके त्या जागेपासून दहा-पंधरा मिलिसेकंद मागं-पुढं टाकतो, आणि प्रत्येक वेळी त्याच बाजूला टाकतो. ती चूक नव्हे, ती त्याची चाल. माणूस चालताना एक पाय जरा दाबून टाकतो आणि लांबून नुसत्या चालीवरून आपण त्याला ओळखतो, तसं. किक जाळीवर राहू दे, हलगी मोकळी सोड. जिथं अगदीच फाटतंय तिथं हातानं एखादा ठोका सरकव. आणि मग उलटं करून बघ: तुझे हाय-हॅट, म्हणजे झांजेचे बारीक ठोके, त्या हलगीच्या चालीप्रमाणं मागं-पुढं कर. यंत्र माणसामागं चालायला लागलं की अख्खा ट्रॅक गावाकडचा होतो, त्यासाठी वर सनई ओतावी लागत नाही.

त्याच हलगीचा एक ठोका कापून वेगळा घे आणि बारा सूर, म्हणजे एक सप्तक, खाली उतरव. साध्या पद्धतीनं उतरवलास तर वेगही निम्मा होईल आणि ठोका दुप्पट लांब होईल. ऐक. काडीचा कडकपणा गेलेला असेल आणि कातड्याची घुमणारी शेपटी पुढं आलेली असेल. तो तुझा दुसरा ढोल झाला. आणखी एक सप्तक खाली ने, लांबून येणारा गडगडाट मिळेल. एका ठोक्यातून तीन वाद्यं निघाली आणि तिन्ही एकमेकांची सख्खी. बावीस ट्रॅकची गरज इथंच संपायला लागते.

आता बेस. इथं तुझ्या डॉल्बीच्या सवयीनं तुला फसवलंय. तुझी किक आणि तुझा बेस दोन्ही ५० ते १०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात एकाच वेळी आदळतायत. दोन म्हशी एकाच दारातून शिरायला बघतायत. एकतर किक आखूड कर आणि बेस तिच्यानंतर येऊ दे, नाहीतर साइडचेन लाव: किक पडली की बेस क्षणभर खाली बसतो आणि लगेच उठतो. तो उठण्याचा वेग कमी-जास्त करून बघ, त्या श्वासातच नाचाची लय असते.

डॉल्बीसमोर ४५ हर्ट्‌झचा बेस छातीत लागतो, पण तुझं गाणं पहिल्यांदा लोक फोनवर ऐकणार, आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरमध्ये तेवढं खालचं काही येतच नाही. तुझ्या तिसऱ्या लूपमधला बेस माझ्या फोनवर पूर्ण गायब होता. त्यावर थोडं सॅच्युरेशन टाक. त्यानं मूळ सुराच्या वरचे स्वर तयार होतात, फोन ते ऐकवतो आणि खालचा मूळ सूर कान आपोआप भरून काढतो. शिवाय बेस मधोमध ठेव, डावी-उजवीकडं पसरवू नकोस. मिरवणुकीतल्या कित्येक सिस्टीम डावं-उजवं एकत्र करून मोनो वाजवतात, आणि पसरवलेले आवाज एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकू शकतात. मास्टर आउटपुटवर मोनोचं बटण दाबून रोज एकदा ऐक.

सिंथबद्दल विचारलं नाहीस, पण तुझे सिंथ जसे तयार प्रीसेटमध्ये आले तसेच वाजतायत म्हणून सांगते. एक दिवस मिरजेला जा, सतारमेकर गल्लीत. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे वाचलं असशील. दुकानात कुणी जवारी काढत, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जुळवत, बसलेलं असेल तर परवानगी घेऊन शेजारी बस. तंबोऱ्याची घोडी सपाट दिसते, पण तिला अगदी हलका बाक असतो. कारागीर ती घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा जरासं घासतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवतो. दोरा केसभर सरकला की बोथट वाजणारी तार एकदम उमलते, तिच्यातून वरचे स्वर एकामागून एक बाहेर यायला लागतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तासभर उठले नव्हते. सिंथचा फिल्टर यापेक्षा वेगळं काही करत नाही. सॉ-टूथ लहरीत सगळे वरचे स्वर ठासून भरलेले असतात; फिल्टर त्यातले किती बाहेर सोडायचे ते ठरवतो. लो-पास फिल्टरचं बटण आठ बारभर सावकाश उघडत नेलंस तर एकच सूर चढत गेल्यासारखा वाटतो आणि तुला नवीन सुरावट लिहावी लागत नाही. तो दोरा सरकवणारा हात डोळ्यांसमोर ठेवून बटण फिरव.

राग आणि नोटेशन येत नाही म्हणून थांबू नकोस. पण एवढं कर: गावातल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्या आजोबांकडं चार संध्याकाळी बस आणि भूपाचे पाच स्वर शिकून घे. सा, रे, ग, प, ध. हे पाच कसेही मागं-पुढं लावले तरी कानाला खुपत नाहीत, म्हणून सुरुवातीला बरे. ट्रॅकचा 'सा' पांढरी चारला धरून बघ. बेसच्या पट्टीत तो साधारण ४४ हर्ट्‌झला येतो, मोठ्या सबवूफरला झेपतो आणि अंगात घुमतो. उतरवलेली हलगी त्याच सुराला लाव. तुझ्या दुसऱ्या लूपमध्ये ढोल आणि बेस यांच्यात पाव सुराचं अंतर आहे, म्हणून ते गढूळ वाटतं.

कर्ज काढू नकोस. हे मी जोर देऊन सांगते. तू लिहितोस की खोलीवर पत्रा आहे आणि भिंती उघड्या. अशा खोलीत महागडे स्पीकर ठेवलेस तरी पत्रा आणि भिंतीच तुला खोटं ऐकवणार. एक बरा वायरचा हेडफोन घे. ब्लूटूथचा नको, त्यात आवाज उशिरा पोचतो आणि वाजवताना हात चुकतो. सॉफ्टवेअर तुझ्याकडं एफएल स्टुडिओचं चाचणीचं रूप आहे, त्यात सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडता येत नाही. तुझे ६३ लूप अर्धवट राहण्यामागं हेही कारण असणार! चोरीचं सॉफ्टवेअर उतरवू नकोस, त्यासोबत व्हायरस येतात. परवाना परवडेपर्यंत एलएमएमएस किंवा बँडलॅब वापर, दोन्ही फुकट आहेत. सिंथसाठी व्हायटलची फुकट आवृत्ती आणि सर्ज एक्सटी, दोन्ही एवढे समर्थ आहेत की मी नाटकांच्या पार्श्वसंगीतात आजही वापरते. मिडी कीबोर्ड पुढच्या दिवाळीला घे, पंचवीस पट्ट्यांचा छोटा पुरे. तोवर लॅपटॉपच्या बटणांवर वाजव.

मी स्वतः सुरुवातीला एका क्लासला भरमसाट फी भरली होती. सहा महिने त्यांनी फक्त महागडी यंत्रं दाखवली आणि एकही गाणं पुरं करून घेतलं नाही. ते पैसे फेडताना मला हेडफोनही घेता आला नव्हता. तुझ्याबाबत तसं होऊ नये असं फार वाटतं.

दुसरी गोष्टही माझ्याच घरची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत गावभागात शिरलं तेव्हा आम्ही आई-आप्पांना घेऊन वरच्या मजल्यावर गेलो आणि माझी हार्ड डिस्क खाली कॉटखाली राहिली. चार वर्षांची रेकॉर्डिंग गेली. त्यात आजीनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, आणि आजी आता नाही. म्हणून तू जे रेकॉर्ड करशील त्याची एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर, त्याच दिवशी. प्रोजेक्टला 'न्यू ४७' असं नाव देऊ नकोस. तारीख, वेग आणि गाव लिही.

कानांची काळजी घे. डॉल्बीच्या भिंतीसमोर रात्री चार-चार तास उभा राहतोस आणि दुसऱ्या दिवशी मिक्स करतोस. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत असेल तर कान दुखावलेत असं समज, आणि शिट्टी पूर्ण थांबेपर्यंत हेडफोन लावू नकोस. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा धरतात, आणि त्यापुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. तुमच्या भिंतीसमोर आकडा त्याच्या कितीतरी वर असतो. मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात, ते घाल, काकांनाही दे.

काकांचा प्रश्न मनाला लावून घेऊ नकोस. ज्याचं घर मिरवणुकीतल्या लोकप्रिय गाण्यांवर चालतं तो माणूस हे विचारणारच, आणि त्यांना उत्तर बोलून देता यायचं नाही. गणपतीच्या आधी ते सिस्टीम जोडून तपासतात ना, भर दुपारी, मोकळ्या रानात? तेव्हा तपासणीसाठी काहीतरी वाजवावंच लागतं. त्या दिवशी तुझा पाच मिनिटांचा ट्रॅक वाजव, कमी आवाजात. तू मात्र स्पीकरकडं बघू नकोस, गाडी उतरवणाऱ्या पोरांकडं बघ. कुठल्या बारला कुणाची मान हलली, कुठं कुणी फोन काढला, ते लिहून ठेव. काकांना फक्त एक विचार: "काका, बेस कुठं कमी पडतोय?" तीस वर्षं त्यांनी हेच ऐकलंय, ते नेमकं सांगतील.

सिनेमातल्या गाण्याचं रिमिक्स करून नाव कमवायचा मोह होईल. त्या रेकॉर्डिंगचे हक्क कंपन्यांकडं असतात, कुठंही टाकलंस की हरकत येते. स्वतःचं रेकॉर्ड कर. आणि हलगीवाल्यांचं घेशील तेव्हा आधी विचार, कशासाठी हवंय ते सांग, हातावर पैसे ठेव आणि ट्रॅकवर त्यांचं नाव टाक. दुसऱ्या लूपमधली हलगी कुणाची आहे ते तू पत्रात लिहिलेलं नाहीस.

६३ पैकी ६२ आता सोडून दे. हलगीचा तेवढा घे. पहिल्या आठवड्यात हलगी नव्यानं रेकॉर्ड कर, दुसऱ्यात आठ बारचा लूप आठच आवाजांत बसव, तिसऱ्यात पाच मिनिटं पसरून खोडून काढ, चौथ्यात मिक्स. पहिला ट्रॅक पुरा होईल तेव्हा तो तुला आवडणार नाही, तरी पुरा कर आणि मला पाठव.

रेकॉर्डिंगला मैदान सुरू व्हायच्या तासभर आधी जा. तेव्हा वादक काटक्या पेटवून हलगी शेकत बसलेले असतात. फोनचं रेकॉर्डिंग तिथंच चालू कर, फोन हलगीपासून दोन हात लांब धर, जवळ धरलास तर आवाज फाटेल. शेकायच्या आधीचा ठोका घे: सैल, ओलसर, खाली बसलेला. मग दर दोन मिनिटांनी एक-एक ठोका मागून घे. कातडं ताणत जातं तसा आवाज वर चढत जाईल, आणि शेवटी वादक अंगठ्यानं कातडं दाबून बघेल, मान डोलवेल आणि पहिली कडक काडी मारेल. ती सगळी चढण सलग तुझ्याकडं असायला हवी, मध्ये बटण बंद करू नकोस.